हितं शाळा हाय

विमलबाई : झाकन नाय ते, पाटी हाय. हळू उचल. खाली कनगीत नवा भात हाय, माती पडंल त्यात.

हर्षला : हीच का ती? मला वाटलं होतं मोठी असेल. सिस्टरांना मी चांगली चार फुटांची सांगून ठेवलीय.

विमलबाई : तू तवा एवढीशी व्हतीस, म्हनून तुला मोठी दिसली. बैलगाडीची फळी हाय ती. बापाची गाडी मोडली, तिची.

हर्षला : आणि तुम्ही हिचं झाकण केलंत, काकी? पन्नास वर्षांची पाटी.

विमलबाई : शाळेनं तर भंगार केलं व्हतं. ते काळ्या दगडाचं गेट बसवलं ना, सोन्याच्या अक्षरांचं, त्या दिवशी ही भंगारवाल्याच्या टेंपोत पडली व्हती. मी तिसरी घंटा दिली, खाली आले, नि उचलली. डोक्यावर घेऊन घरी आनली. रस्त्यानं लोक इचारत व्हते, विमलबाई, शाळा घरी चालवली काय. कनगीवर का होईना, माझ्या घरात तिला काम तरी हाय.

हर्षला : आता तिला काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. पुढच्या महिन्यात सुवर्णमहोत्सव आहे ना. बिशप येणार, आमदार येणार. हॉलच्या दारातच प्रदर्शन. लोक आत आले की पहिल्यांदा ही पाटी दिसली पाहिजे, असं सिस्टर म्हणाल्या.

विमलबाई : नव्या सिस्टरना कोनी सांगितलं पाटीचं?

हर्षला : मी.

विमलबाई : हां. बस मग. उभ्यानं काय बोलतेस. त्या पाटावर बस, सूप सरकव तिकडं. च्या ठेवू?

हर्षला : नको, चार वाजता मीटिंग आहे. आणि काकी, तुमची मुलाखतही हवीय मला. स्मरणिकेचा मराठी विभाग माझ्याकडे आहे.

विमलबाई : किती पानं?

हर्षला : मराठीला चार.

विमलबाई : नि सगळं पुस्तक?

हर्षला : ते मोठं आहे. जाहिराती धरून.

विमलबाई : चार पानांत काय मावनार. बरं, इचार.

हर्षला : मी सुरुवात लिहून आणलीय, ऐका. ‘पन्नास वर्षांपूर्वी एका छोट्याशा झोपडीत ज्ञानाचं रोपटं...’

विमलबाई : झोपडी नव्हती.

हर्षला : तसं लिहायची पद्धत असते, काकी.

विमलबाई : असंल. पन झोपडी नव्हती. खळं व्हतं आमचं, भात झोडायचं. माझ्या बापाचं, नागूचं. चार खांब नि वर पेंढा. शेणानं सारवलेलं, दळनासारखं गुळगुळीत. तिसऱ्या बिल्डिंगीची लिफ्ट हाय ना तुमची, तिथं. फादर सालदाना कर्जतवरून सायकलवर आले. मंगळूरकडचे. मराठी एक शब्द नाय. हातवारे करून बापाला म्हनाले, शाळा काढायचीय. बाप म्हनाला, भात झोडून झालं की खळं आठ महिने मोकळंच असतं, बसवा पोरं. ते आठ महिने अजून संपले नायत.

हर्षला : हे छान आहे. हे लिहिते. मग पुढे? पहिली बॅच, परवानगी, इमारत...

विमलबाई : पयल्या वर्षाला सतरा पोरं. त्यातली पोरगी मी एकटी. नऊ वर्षांची घोडी, पयलीत. मग सातवी पातुर झाली. मग आठवीच्या परवानगीसाठी फादरनी अलिबागला इतक्या खेपा मारल्या की तिकडचा शिपाई त्यांना बघून खुर्ची पुसायचा. पयली धाव्वीची बॅच बसली अकरा जनांची, सात पास झाले. गावात पेढे वाटले, नापास झाले त्यांच्या घरी पन दिले फादरनी. मग वाड्यांवरच्या पोरींसाठी बोर्डिंग आलं. रसायनीच्या कंपन्यांतल्या कामगारांची पोरं आली. नि मग ती तुमची इंग्रजी आली.

हर्षला : इंग्रजी माध्यम पालकांनीच मागितलं, काकी. तुमच्या निलेशदादानेपण सही केली होती.

विमलबाई : केली व्हती. मी कुठं नाय म्हनते. गुलाबी बिल्डिंग इंग्रजीची, पांढरी मराठीची. मग शिळफाट्यापासून पिवळ्या बशी यायला लागल्या. मग पांढरीचा वरचा मजला इंग्रजीला दिला. मग खालचा. मग मराठीची पोरं मागच्या पत्र्याच्या शेडमधी. नि या जूनला पाचवीचा वर्ग उघडलाच नाय. मी एकतीस वर्सं घंटा वाजवली त्या शाळेत, हर्षे. किती पोरं आत गेली नि कुठल्या दारानं बाहेर पडली, मला नको सांगूस.

हर्षला : पटसंख्याच नव्हती. अकरा अर्ज आले होते.

विमलबाई : अकराच. धाव्वीच्या पयल्या बॅचला बी अकराच व्हते.

हर्षला : हे मी लिहू शकत नाही, हे तुम्हालाही माहितीय.

विमलबाई : ठाऊक हाय. म्हनून तर बोलते. पाटी वाच.

हर्षला : पाठ आहे मला.

विमलबाई : तरी वाच. चष्मा नाय माझ्यापाशी.

हर्षला : ‘हितं शाळा हाय. मी शिकवते. कुनाला परत धाडनार नाय. फादर सालदाना.’

विमलबाई : डांबरानं लिवलीय. रस्त्याचं काम चालू व्हतं, तिथून डबा भरून आनलं मी. हात महिनाभर काळे व्हते माझे.

हर्षला : काकी, या पाटीबद्दलच थोडं बोलायचं होतं. कमिटीत विषय निघाला. म्हणजे, भाषेचा.

विमलबाई : काय झालं भाषेला?

हर्षला : मोठे पाहुणे येणार. फादरांच्या नावाची पाटी, आणि त्यात ‘हितं’, ‘हाय’. आणि ‘शिकवते’. पुरुषाने ‘शिकवते’ लिहिलंय. लोक हसतील. सिस्टर म्हणाल्या, पेंटरकडून जरा शुद्ध करून घेऊ. ‘इथे शाळा आहे. मी शिकवतो.’ तेवढंच.

विमलबाई : फादर ‘शिकवते’च म्हनायचे.

हर्षला : हो, पण ती चूक होती ना.

विमलबाई : चूक माझी व्हती. ऐक, हे लिव तुझ्या चार पानांत. त्यांना मराठी कोन शिकवनार? बापये शेतावर. मास्तर नाय. मी त्यांना पानी न्यायची, भाकरी न्यायची. मी म्हनायचे ‘मी पानी आनते’, ते म्हनायचे ‘मी पानी पिते’. मी म्हनायचे ‘मी बसते’, ते पन ‘मी बसते’. एवढा सहा फुटी मानूस, छातीपातुर दाढी, नि बाजारात कडावला जाऊन म्हनायचा, ‘मी कांदे घेते’. सगळा बाजार हसायचा. मला तरी कुठं कळत व्हतं. मला वाटायचं, शिकले बरोबर.

हर्षला : नंतर कोणी सांगितलं नाही त्यांना?

विमलबाई : सांगितलं की. पुन्याचे एक सर आले व्हते, त्यांनी फळ्यावर लिवून दाखवलं, बाई असली तर असं नि बापया असला तर असं. फादर म्हनाले, मला विमलनं शिकवलंय, आता मी बदलते तर ती म्हनेल आपलं चुकलं. मरेपातुर ‘मी येते, मी जेवते’ करत राह्यले. एका पोरीला वाईट वाटू नये म्हनून, हर्षे. नि तुमी पेंटर लावनार.

हर्षला : मी नाही लावत, कमिटी लावतेय.

विमलबाई : नि खालची ओळ? ती कशी शुद्ध करनार? ‘कुणालाही परत पाठवणार नाही’?

हर्षला : ती... पेटी लहान आहे, काकी. दोनच ओळी बसतात.

विमलबाई : पेटी तयार झाली?

हर्षला : ऑर्डर दिलीय.

विमलबाई : म्हंजे माप पाटीचं घेतलं नाय, तुमाला काय दाखवायचं त्याचं घेतलं. ती ओळ कशी आली, ठाऊक हाय तुला?

हर्षला : नाही.

विमलबाई : एकदा संध्याकाळी फादर निघाले नि आमच्या दारात म्हनाले, ‘मी जाते.’ माझ्या आयनं, अंबाबाईनं, कपाळाला हात लावला. म्हनाली, विमे, काय शिकवलंस गं त्यांना. मग मी सांगितलं, फादर, निघताना जाते नाय म्हनायचं. येते म्हनायचं. नि घरच्यानं म्हनायचं, या. नायतर ये. दारातून कुनाला ‘जा’ म्हनत नाय आमी. ‘जा’ म्हनलं की मानूस तुटला. फादर उंबऱ्यावर बसलेच. म्हनाले, कुनालाच नाय म्हनत? मी म्हनलं, नाय. वैऱ्याला बी? मी म्हनलं, दारातून नाय. दुसऱ्या दिवशी फळी मागून घेतली त्यांनी बापाकडून.

हर्षला : हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

विमलबाई : तुला सांगायची गरज नव्हती. तुझ्यासाठी ती पाटी वाचायला लावली व्हती त्यांनी. आठवतं काय?

हर्षला : आठवतं.

विमलबाई : काय आठवतं, सांग. मुलाखत हाय ना, मी पन इचारते.

हर्षला : बाबांनी चौथीनंतर घरी बसवलं होतं. गुरं राखायला. ऑगस्ट उजाडला होता. तुम्ही मला हाताला धरून नेलंत. क्लार्क म्हणाला रजिस्टर बंद झालं.

विमलबाई : मग?

हर्षला : फादर बाहेर आले. क्लार्कला गेटपाशी घेऊन गेले. म्हणाले, पाटी वाच, मोठ्याने. त्याने वाचली. मग रजिस्टर उघडलं.

विमलबाई : तुझ्या अंगात तुझ्या भावाचा सदरा व्हता, एक बटन नसलेला. फादरनी इचारलं, पोरी, घरी कोन कोन हाय? तू काय म्हनालीस?

हर्षला : काकी, नको ना.

विमलबाई : तू म्हनालीस, आय हाय, बा हाय, दोन बैल हायत. फादर हसले नायत. म्हनाले, बैलांची नावं काय हायत? नि लिवून घेतली.

हर्षला : मला माहितीय तुम्ही कुठे चालला आहात.

विमलबाई : मी कुठं चालले. मी हितंच बसलेय, भात पाखडतेय. जूनमधी तुमच्या इंग्रजीच्या पाचवीसाठी चालून गेली ती माझी आरोही. निलेशची पोर, नागूची पनती. सकाळपासून केस ओले करून भांग पाडत व्हती. निलेशनं कंपनीतून सुट्टी घेतली. समोर तीन जनी बसल्या व्हत्या, मधी सिस्टर. पयल्यांदा इंग्रजीत इचारलं, तिनं पाठ केलं व्हतं ते सांगितलं. मग कुनीतरी मराठीत इचारलं, घरी कोण कोण आहे? पोरगीला बरं वाटलं, आपल्या भाषेतलं आलं. म्हनाली, आजी हाय, बाबा हाय, आई हाय, म्हस हाय.

हर्षला : निर्णय कमिटीचा होता.

विमलबाई : घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हनाली, आजी, त्या सगळ्या हसल्या. मी म्हनलं, हसू दे, शहरातल्या हायत. ती म्हनाली, हर्षला टीचर बी हसली.

हर्षला : आता कुठे जाते ती?

विमलबाई : आता कडावच्या शाळेत जाते सायकलवर. शिकंल ती, हुशार हाय. शाळा काय, ती बी चांगलीच हाय. पन घरात बोलंना झालीय गं. आधी शब्द तोंडात घोळवते, मग म्हनते. परवा म्हशीला रेडकू झालं, धावत आली अंगनातून, तोंड उघडलं नि थांबली. आधी ‘आहे’ जुळवलं, मग सांगितलं. दहा वर्षांची पोर. म्हशीचं रेडकू सांगायला शुद्ध भाषा शोधते.

हर्षला : मी काय करणार होते, सांगा. माझं मत एक. त्या दोघी. त्यात मी कॉन्ट्रॅक्टवर. मराठी माध्यम बंद झाल्यावर सहा टीचर घरी बसले, मला एकटीला ठेवलं, तिसरी भाषा शिकवायला. गावच्या मुलांसाठी बोलले असते तर म्हणाल्या असत्या, आली ही गावाची वकील.

विमलबाई : मत नाय मागितलं मी तुझं. तू बोलली नाय, ठीक हाय. पोटाला असतं. पन तू लिवलंस.

हर्षला : काय लिहिलं?

विमलबाई : तो मांडनीवरचा पत्र्याचा डबा घे. त्यात निलेशनं कागद ठेवलेत. जन्मदाखला, आधार... तो खालचा पिवळा. तुमच्या ऑफिसचा हाय, फाईलमधी चुकून राह्यला. सगळा इंग्रजीत. मधी एकच शब्द मराठीत.

हर्षला : काकी...

विमलबाई : वाच.

हर्षला : ‘घरची भाषा : गावठी.’

विमलबाई : त्याला इंग्रजी शब्द सापडला नसंल.

हर्षला : हे ऑफिसमधून कोणीतरी...

विमलबाई : खोटं नको बोलूस बाय. माझ्या घरात बसून नको. तो ठ बघ. गोल काढून वर शेपूट बाहेर फिरवलीय, उलटी. तू पाचवीत आलीस तवा तुला ठ येत नव्हता. गुरं राखून बोटं ताठ झाली व्हती. सगळ्या पोरी घरी गेल्या की घंटेखाली बसवून मी खडूनं गिरवून घ्यायचे तुझ्याकडून. मला पन फादरनी शिकवलेला, नि फादर तो उलटाच काढायचे. आख्ख्या तालुक्यात असा ठ तिघांनीच काढला. त्यातले एक मेले. नि मी तर लिवला नाय.

हर्षला : मी हसले नसते ना, तर त्यांना कळलं असतं.

विमलबाई : काय कळलं असतं?

हर्षला : की मीपण तीच आहे. ती ‘म्हस हाय’ म्हणाली आणि माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. वाटलं आता दोघी माझ्याकडे बघणार. मी सगळ्यांच्या आधी हसले. आणि सिस्टरांनी विचारलं, होम लँग्वेज काय लिहायची, तेव्हा पेन माझ्याच हातात होतं. बारा वर्षं मी त्या स्टाफरूममध्ये डबा उघडताना आधी बघते, भाकरी दिसत नाही ना. तुम्हाला काय माहिती. तुम्ही बाहेर घंटेपाशी होतात. माझी नोकरी हाय काकी तिथं, माझं घर चालतं त्यावर.

विमलबाई : हाय ना.

हर्षला : काय?

विमलबाई : काय नाय. ऐक, मी भांडायला बसले नाय. पाटी देते मी तुला. फुकट देते, पेटी करा, पेंटर लावा, काय करायचं ते करा. एक कर. साडेचारला आरोही येते कडाववरून. थांब तवर. नि तिला हाताला धरून घेऊन जा सिस्टरकडं. जशी मी तुला नेली तशी. वर्स अर्धं सरलंय म्हनतील. तुझं पन रजिस्टर बंद झालं व्हतं. पाटी समोर ठेव नि म्हन, हे वाचा.

हर्षला : असं नाही होत आता. ऑनलाइन असतं सगळं.

विमलबाई : होत नाय ते ठाऊक हाय मला. नायच म्हनतील. पन पोरीला दिसंल तरी, की हर्षला टीचरनं आपला हात धरला व्हता. मग ती बोलंल. मला शाळा नको गं तिच्यासाठी. तिची बोली परत दे.

हर्षला : थांबा. मी... मी सिस्टरांना फोन करून बघते.

(हर्षला अंगणाच्या कडेला जाऊन फोन लावते.)

हर्षला : गुड आफ्टरनून सिस्टर. हां, मिळाली. त्यांच्याच घरी आहे... नाही सिस्टर, थोडा प्रॉब्लेम आहे. त्यांची एक अट आहे. त्यांची नात... हो, तीच. जूनमधली... हो सिस्टर. नाही, मी कुठे म्हणते. मी फक्त त्यांचं म्हणणं... हो. हो, बरोबर आहे... फोटो? हो, फोटो घेता येईल. अच्छा. फ्लेक्सवर. हो, म्हणजे मजकूर आपल्याला हवा तसा... नाही, मग प्रश्नच नाही. हो सिस्टर. चारपर्यंत पोचते.

विमलबाई : काय म्हनाल्या?

हर्षला : पाटी नाही दिलीत तरी चालेल म्हणाल्या. लाकूड जुनं आहे, वाळवी असेल. फोटो घेऊन ये म्हणाल्या. मोठा फ्लेक्स करणार आहेत, बॅकग्राऊंडला ही फळी, आणि वर टाइप केलेला मजकूर.

विमलबाई : शुद्ध.

हर्षला : हो.

विमलबाई : खालची ओळ?

हर्षला : खाली देणगीदारांचे लोगो येणार आहेत.

विमलबाई : नि आरोहीचं इचारलंस?

हर्षला : ऐकलंत ना तुम्ही.

विमलबाई : ऐकलं. ‘मी कुठे म्हणते’ म्हनालीस.

हर्षला : काकी, एक फोटो घेऊ ना? जरा उजेडात धरायची का?

विमलबाई : घे. मी धरते. अंगठा येतोय काय माझा मधी?

हर्षला : येतोय. राहू दे, कापता येतो. झालं. मी दिवाळीत येईन असं म्हटलं होतं आरोहीला, जमलंच नाही. हे चॉकलेट ठेवते तिच्यासाठी.

विमलबाई : घेऊन जा ते. तिला कोनी दिलं इचारलं तर मला सांगावं लागंल.

हर्षला : रागावलात.

विमलबाई : नाय. ती पाटी ठेव परत कनगीवर. शब्द वरच्या बाजूला येऊ दे. हां. असं.

हर्षला : मुलाखत मी लिहून काढते आणि दाखवायला आणते. खळ्याचं घालते नक्की.

विमलबाई : झोपडीच लिव. तशी पद्धत असते.

हर्षला : बरं. चार वाजायला आले. येते मी, काकी.

(विमलबाई सूप उचलून भात पाखडायला लागते.)

हर्षला : काकी, येते.

विमलबाई : जा.